दोन पट्ट्या खाली

आमच्या मुलीचा आवाज टीव्हीवर पहिल्यांदा ऐकू आला तो हडळीच्या तोंडून. गोरेगावच्या एका स्टुडिओत भुताच्या कुठल्याशा मालिकेचं पार्श्वसंगीत चाललं होतं आणि त्यांना खूप वरच्या सुरात लांबलचक ‘आ’ लावणारी मुलगी हवी होती. ही जाऊन लावून आली. मालिका लागली त्या संध्याकाळी आम्ही तिघं आणि शेजारच्या वहिनी टीव्हीसमोर बसलो. केस सोडलेली हडळ विहिरीतून वर आली आणि मागून आमच्या मुलीचा स्वच्छ, सरळ सूर आला.

“अगोबाई, ही आपली?” वहिनी म्हणाल्या.

“आपलीच,” बायको म्हणाली. “रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकता की तुम्ही. आज चेहरा बघितलात.”

मुलगी सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र हसू येईना. एवढी वर्षं शिकून पोरीला हडळीचं काम मिळावं, याला कुठेतरी मीच जबाबदार आहे, असं मला वाटत होतं. माझं हे असंच असतं. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तरी सॉरी मीच म्हणतो. बायको म्हणते, “ह्यांना माफी मागायला कारण लागत नाही. माणूस समोर असला की पुरे.”

आमची मुलगी सोप्रानो आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्यात बायकांच्या आवाजातला सगळ्यात वरचा आवाज म्हणजे सोप्रानो, एवढं आता मी लोकांना न अडखळता सांगू शकतो. सुरुवातीला मलाही ते माहीत नव्हतं. लहानपणी ती मुलुंडातच एका ताईंकडे आपलं गाणं शिकायला जायची. कॉलेजात गेली, तिथल्या कॉयरमध्ये, म्हणजे इंग्रजी समूहगानात, शिरली आणि एक दिवस येऊन म्हणाली, “बाबा, माझा आवाज जिथे राहतो ना, तिथपर्यंत ताई मला कधी नेतच नव्हत्या.” मग अंधेरीला एका वयस्क बाईंकडे शिकू लागली. बाई कडक. पहिले काही महिने तर गाणंच नाही, नुसता श्वास. मुलगी जमिनीवर आडवी पडून पोटावर जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी ठेवायची आणि ती वरखाली करायची. माझी आई तेव्हा होती. ती म्हणायची, “पोरीक दम लागता काय रे? डाक्टरांक दाखव.”

आमच्या घरात गाणं होतंच, पण ते भजनाचं. माझे वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर आम्ही परळहून मुलुंडला आलो. येताना सामानाबरोबर भजनी मंडळही जणू आलं, कारण गावचे पाचसहा जण आमच्या आगेमागेच इथे राहायला आले. कोकणातल्या भजनात बुवा स्वतः पेटी वाजवतात आणि गातातही. पण आमच्या बुवांची बोटं संधिवाताने आखडली, तेव्हा पेटी माझ्याकडे आली. दिवसा मी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो आणि शनिवारी बुवांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसतो. मला दुसरं काही येत नाही, पण साथ येते.

साथीची एक रीत मला जुन्या लोकांनी शिकवली. बुवा नेहमी काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या वरच्या पट्टीत गातात. पण कधी घसा बसलेला असतो, कधी आदल्या दिवशी जागरण झालेलं असतं. अशा वेळी बुवांना विचारायचं नसतं. चार लोकांत ‘बुवा, आज खाली घेऊ का?’ म्हणणं म्हणजे त्यांना म्हातारा म्हणणं. आपण नुसतं त्यांच्या पहिल्या खाकरण्याकडे लक्ष द्यायचं. माझी पेटी स्केलचेंजर आहे. तिची पट्ट्यांची अख्खी फळी बाजूला सरकवता येते, बोटं तिथेच राहतात आणि सूर खाली येतो. फळी सरकवायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने भाता मारायला लागायचं. भजन रंगतं, बुवांचा मान राहतो आणि कोणाला काही कळत नाही. मी हे कितीदा तरी केलं आहे आणि त्याचा मला अभिमानही होता.

मुलीचं शिक्षण झालं तरी पुढची वाट ठरलेली नव्हती. आपल्याकडे या गाण्याची नोकरी नसते. ती अंधेरीत एका शाळेतल्या मुलांना गाणं शिकवू लागली. चर्चमध्ये लग्नं असली की तिथे गायची. नवरी आत येताना आणि रजिस्टरमध्ये सह्या चालू असताना, असं दोनदा. एकदा एका मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहून गायली. लोक तिच्याकडे बघत वर यायचे आणि तिच्या बाजूने चपलांच्या दुकानात शिरायचे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये म्हणाले, “काय हो, पोरगी सकाळी गाते की ओरडते? आमच्या हिला कळत नाही, धावत यावं की टाळ्या वाजवाव्यात.” मी सॉरी म्हणालो. मुलीला ते कळल्यावर ती म्हणाली, “टाळ्या वाजवा म्हणून सांगायचं ना!”

मग एका दुसऱ्या कॉयरची गोष्ट आली. उपनगरातलं मोठं, जुनं कॉयर. दर डिसेंबरला ते एक मोठा कार्यक्रम करतात, चाळीसेक गाणारे आणि वाद्यवृंदसुद्धा. त्यातला सोप्रानोचा सोलो, एकटीने गायचा भाग, बहुतेक बाहेरून बोलावलेल्या गायिकेला देतात. या वर्षी कॉयरच्या सरांनी ठरवलं की इथल्याच कोणा नव्या मुलीला घ्यायचं. ऑडिशन जाहीर झाली. अंधेरीच्या बाईंनी हिला सांगितलं, “हा सोलो तू केलास तर पुढच्या वर्षी लोक तुला नावाने बोलावतील. नाहीतर आहेच, लग्नं आणि हडळी.”

तिने सगळा पावसाळा त्या एका गाण्यावर घालवला. गाणं जर्मनमध्ये होतं. त्यात शेवटाकडे एक सूर होता, आपल्या हिशेबाने वरच्या सप्तकातली काळी पाच. तो नुसता लावायचा नव्हता, हळू लावून वाढवायचा आणि धरून ठेवायचा होता. स्वयंपाकघरात कुकर लावताना, गॅलरीत कपडे काढताना ती त्या सुराच्या अलीकडची ओळ म्हणायची आणि थांबायची. आम्ही दोघंही नकळत श्वास धरून बसायचो. मग ती पुढे जायची किंवा “शी!” म्हणायची.

ऑडिशनच्या आठवड्यात तिला सर्दी झाली. आदल्या दिवशी बरी वाटत होती, पण त्या सकाळी बाथरूममधून आवाज आला आणि तो वरचा सूर मधेच फुटला. एकदा नाही, दोनदा. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, “कसं आहे?”

“ठीक आहे. गळा गरम झाला की येईल.”

“वाफ घेतलीस?”

“बाबा, घेतली. तू वायरी घेतल्यास का ते बघ.”

वायरींचं काम माझ्याकडे होतं, कारण अंधेरीच्या ज्या हॉलमध्ये ऑडिशन होती तिथला पियानो पावसाच्या दमटपणाने बिघडला होता. त्याच्या काही पट्ट्या दाबल्या की वर येतच नव्हत्या. आमच्याकडे इलेक्ट्रिक पियानो होता. मुलीने सरांना फोन करून तो आणायची तयारी दाखवली आणि सरांनी सगळ्यांसाठी तोच वापरायचं ठरवलं. मी तो टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवा घालून नेला, स्टँडवर चढवला, पेडल जोडलं आणि स्टेजच्या कडेला खुर्ची घेऊन बसलो. वाद्य आमचं, म्हणून मला तिथे बसू दिलं. बाकीचे आईबाप बाहेर बाकांवर होते.

पियानो वाजवायला कॉयरचा एक मुलगा होता. सर समोर टेबलाशी बसले होते. साठीचे, बारीक अंगाचे आणि बोलायला मोजके. मुली एकेक करून आत येत होत्या, तेच गाणं गात होत्या. हिच्या आधी बोरिवलीची एक मुलगी आली. कॉटनचा साधा कुर्ता, पायांत सपाता. तिने गायला सुरुवात केली आणि मी खुर्चीत सरळ झालो. वरच्या सुरापाशी ती आली, तेव्हा तिने काहीच केल्यासारखं दिसलं नाही. सूर आला, मोठा झाला आणि तिथेच राहिला. सरांनी पेन खाली ठेवलं.

मी घाबरलो. आता माझी मुलगी येणार, सर्दीने भरलेली, आणि तीही या बोरिवलीच्या मुलीनंतर. मधे दोन मिनिटं होती, पियानोवाला मुलगा पाणी प्यायला गेला होता आणि सर कागदावर काही लिहीत होते. मी पेडलची वायर नीट करायच्या निमित्ताने उठलो. या पियानोतही फळी सरकवण्यासारखी सोय असते, एक बटण दाबून सूर वरखाली करता येतात. मी ते दोनदा दाबलं. दोन पट्ट्या खाली. काळी पाचची काळी चार झाली. मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खुर्चीत येऊन बसलो.

त्या क्षणी मला अपराधी वाटलं नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदाच पोरीच्या गाण्यात मला काहीतरी करता आलं, असं वाटलं.

ती आली. मुलाने सुरुवातीचे सूर वाजवले आणि तिच्या कपाळावर बारीक आठी आलेली मी पाहिली. ती गाऊ लागली. मला वाटलं होतं, बुवांसारखं होईल. तसं झालं नाही. चढताना ती एका ठिकाणी अडखळली. गाणं खाली आलं होतं तरी तिचा आवाज जड आणि घोगरा येत होता, दुसऱ्याच्या मापाचे कपडे घातल्यासारखा. नंतर तिने मला समजावून सांगितलं ते असं, की तिच्या आवाजात एक सांधा आहे, जिथे आवाज एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो. कुठल्या शब्दावर तो सांधा येणार आणि तिथे तोंड किती उघडायचं, हे तिने गाण्यात पावलापावलावर बसवलं होतं. मी तो जिना दोन पायऱ्या खाली ओढला होता. तिचं पाऊल प्रत्येक ठिकाणी चुकीच्या पायरीवर पडत होतं.

पहिलं कडवं संपायच्या आत सरांनी हात वर केला. खिशातून सूर जुळवायचा लोखंडी चिमटा काढला, टेबलावर आपटून कानाशी धरला. मग उठून पियानोपाशी आले आणि त्याच्या छोट्या पडद्यावर वाकून पाहिलं. तिथे उणे दोन असं दिसत होतं. ते इंग्रजीत बोलत होते, शांतपणे.

“हे कोणी केलं?”

पियानोवाल्या मुलाने मान हलवली. मी पेडलच्या वायरीकडे बघत राहिलो. मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसते डोळे माझ्या खुर्चीच्या दिशेने जरा हलले.

“मी, सर,” ती म्हणाली. “सर्दी आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं. सॉरी.”

“विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो. लिहिणाऱ्याने जिथे लिहिलंय तिथे गायचं. आज जमत नसेल तर तसं सांग, पुढच्या आठवड्यात ये.”

“नाही सर. आत्ता गाते.”

सरांनी स्वतः बटण दाबून सूर जागेवर आणले. ती गायली. आणि चांगली गायली. मी बाप म्हणून सांगत नाही. सांध्यावर कुठे अडखळली नाही, शब्द स्वच्छ आले. वरचा सूर लागला, फुटला नाही. फक्त तिने तो धरला नाही. त्याला हात लावून ती खाली आली. सर “थँक यू” म्हणाले आणि मान डोलावली. बोरिवलीच्या मुलीलाही ते तेवढंच म्हणाले होते.

इथपर्यंत सगळं सावरलेलं होतं. माझी चूक झाली होती, मुलीने ती स्वतःवर घेऊन निस्तरली होती, सरांनी ती सोडून दिली होती. मला फक्त पियानो गुंडाळून घरी जायचं होतं.

ऑडिशन संपल्यावर बाहेर चहा आणि पॅटिस होते. मुलगी दुसऱ्या मुलींशी बोलत उभी होती. सर एकटेच कागद आवरत होते. माझी चूक पोरीच्या नावावर राहिली, हे मला सहन होईना. मी आत गेलो.

“सर, ते बटण मी दाबलं होतं. तिला माहीत नव्हतं. तिने माझ्यासाठी स्वतःचं नाव घेतलं.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही गाण्यातले?”

“भजनाला पेटी वाजवतो. आमच्यात गाणाऱ्याचा घसा बसला की असं करतात. न सांगता.”

“हं.” त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. “साथीदाराचं हे चांगलंच आहे. पण तुमच्या मुलीने मला एक सांगितलं होतं आणि मी ते मान्य केलं होतं. आता तुम्ही दुसरं सांगताय. हे मला का सांगितलंत?”

खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. मला हलकं वाटावं म्हणून सांगितलं होतं. मी “सॉरी” म्हणालो. मागे वळलो तर दारात मुलगी उभी होती, हातात माझ्यासाठी आणलेला चहाचा कप.

आम्ही टॅक्सीत बसलो. पियानो आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा होता.

“मी सांभाळलं होतं ना, बाबा,” पवई आल्यावर ती म्हणाली.

“खोटं तुझ्या अंगावर राहिलं असतं.”

“राहू दे ना! माझं अंग आहे. आधी मला न विचारता बटण दाबलंस, ते एक वेळ समजू शकते. पण मग मला न विचारता कबूल पण केलंस. आता त्यांना वाटणार, ही मुलगी तोंडावर खोटं बोलते, आणि हिचे बाबा मागून येऊन दुरुस्त करतात.”

“माझं चुकलं.”

“हो. ते तू कायम म्हणतोस. मग मलाच म्हणावं लागतं, जाऊ दे बाबा. आज नाही म्हणणार.”

घरी बायकोला सगळं कळलं. तिने आधी मुलीला गरम पेज दिली. मग मला म्हणाली, “तुमच्या माफीचं ना, असं आहे. तुम्ही मोकळे होता आणि समोरच्याला कामाला लावता.”

निकाल यायला वेळ होता. शनिवारी भजन झाल्यावर मी बुवांना ही हकिगत सांगितली. खरं तर मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं की बापाने दुसरं काय करायचं. बुवा सतरंजीवर पाय पसरून बसले होते.

“तू माझी पट्टी उतरवतंस, ता माका कळत नाय असा वाटता तुका?” ते म्हणाले.

मी पेटी मिटायला घेतली.

“पयल्याच ओळीक कळता रे. माझो गळो माझो हा. पण माका बरा वाटता, म्हणान गप रवतंय. माका आता खंय कोण पास-नापास करतलो हा? तुझ्या चेडवाचा तसा नाय. तिका इचारलंस काय?”

“नाही.”

“मगे?” बुवा म्हणाले आणि टाळ गोळा करायला लागले.

निकाल ईमेलवर आला. सोलो बोरिवलीच्या मुलीला दिला होता. हिला कॉयरमध्ये घेतलं होतं, सोप्रानोंच्या मागच्या रांगेत. मुलीने मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तिला मिळालं.” मग भांडी घासायला उठली, खरं तर त्या दिवशी भांड्यांची पाळी तिची नव्हती.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून तेच आलं. “माझ्यामुळे झालं. मी सरांना भेटू का परत? तुझी काही चूक नव्हती, असं नीट—”

तिने नळ बंद केला.

“बाबा, तू तिला ऐकलंस ना? तू आत होतास.”

“ऐकलं.”

“मी पण ऐकलं. दाराबाहेरून. कशी गायली?”

“चांगली.”

“माझ्यापेक्षा?”

मी फडकं उचलून भांडी पुसायला लागलो.

“मी काल सरांना फोन केला होता,” ती म्हणाली. “निकालाच्या आधीच. विचारलं, मी खोटं बोलले त्याचं काय? ते म्हणाले, ते मी बाजूला ठेवलंय, पुन्हा करू नकोस. वरचा सूर तू धरला नाहीस, एवढंच. सर्दीमुळे का, तर म्हणाले, नसेल, तू सुरापाशी येतेस तेव्हा घाबरतेस, हे सर्दीच्या आधीचं आहे. आणि ते खरं आहे. घरी पण दहातून चार वेळाच धरला जातो. तुम्ही दोघं बाहेर श्वास धरून बसता, मला काय कळत नाही?”

“तरी पण माझ्यामुळे तुझं मन—”

“नाही!” ती मोठ्याने म्हणाली. तिच्या हातातला वाडगा ओट्यावर आपटला. “हे पण तुलाच पाहिजे? गाणं तू खाली आणलंस, खरं तू बोललास आणि आता हरलास पण तूच. मग मी काय केलं तिथे जाऊन? ती माझ्यापेक्षा बरी गायली म्हणून तिला मिळालं. मी हरले, बाबा. मी. ते तरी माझ्याकडे राहू दे. मला त्याच्यावर काम करायचंय.”

बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी बाहेर येऊन गॅलरीत बसलो. मनात पहिलं वाक्य आलं ते असं, की आपण मुलीला किती दुखावलं. मग लक्षात आलं की हे पुन्हा तेच आहे. फिरून फिरून मी स्वतःच मधे येऊन बसत होतो. ती रडत असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडत नव्हती. आत भांडी घासत होती आणि घासताघासता त्या वरच्या सुराच्या अलीकडची ओळ हळू म्हणत होती. मी श्वास धरला नाही. मुद्दाम आत घेतला, बाहेर सोडला. खोटं कशाला सांगू, ते फार अवघड गेलं.

पुढचे दोन महिने ती तालमींना जात होती. पियानो हॉलवर दुरुस्त होऊन आला होता, त्यामुळे माझं तिथे काही काम नव्हतं. ती येऊन जेवताना सांगायची, मागच्या रांगेत तिच्या शेजारी कोण उभं राहतं, कोण चोरून शेंगदाणे खातं, सर कोणावर ओरडले. बोरिवलीच्या मुलीशी तिची मैत्री झाली. ती मुलगी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर काम करते आणि रिकाम्या वेळी तिथेच मागच्या खोलीत रियाज करते, पेशंट आल्यावर थांबते. “तिचं पण सगळं असंच आहे,” मुलगी म्हणाली.

कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. मी प्रेक्षकांत बसलो, मधल्या रांगेत. स्टेजवर एक वायर जरा वाकडी पडलेली दिसत होती, पण मी उठलो नाही. कॉयर उभं राहिलं, सगळ्यांचे काळे कपडे. आमची मुलगी मागे होती, अर्धी एका उंच मुलीच्या आड. बोरिवलीची मुलगी पुढे आली आणि गायली. वरचा सूर आला तेव्हा बायकोने माझा हात धरला. मला वाटलं होतं, ऐकताना आत कुठेतरी खुपेल. खुपलं, पण त्याच वेळी तो सूर चांगला होता हेही कळत होतं. दोन्ही एकत्र चालू राहिलं.

बाहेर आल्यावर मुलगी गर्दीतून वाट काढत आली. चेहरा लाल, केस सुटलेले.

“कसं झालं?”

एरवी मी म्हणालो असतो, तूच पुढे उभी राहायला हवी होतीस. ते वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं.

“ती फार चांगली गायली,” मी म्हणालो. “आत्ता तुझ्यापेक्षा चांगली.”

बायकोने माझ्याकडे चमकून पाहिलं. पण मुलीचे डोळे मोठे झाले.

“हो ना? तो सूर बघितलास? श्वास कुठे घेतला बघितलास? त्या शब्दाच्या आधी नाही, त्याच्याही आधीच्या स्वल्पविरामाला. मी उशिरा घेते, मग घाई होते आणि मग घाबरते.” तिने स्वतःच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवून दाखवलं, तिथेच, फुटपाथवर. लोक बाजूने जात होते. “आणि मी? मी ऐकू आले?”

“नाही. एवढ्या जणांत तू कुठली ते मला कळलंच नाही.”

“मग बरोबर गायले,” ती म्हणाली. “कॉयरमध्ये एक आवाज वेगळा ऐकू आला तर सर मारतात.”

आम्ही रिक्षासाठी रांगेत उभे राहिलो. ती अजून बोलत होती. फेब्रुवारीत आणखी एक ऑडिशन आहे, दुसऱ्या कॉयरची, गाणं वेगळं, पण त्यातही तसाच एक सूर.

“तिथे पियानो आहे,” ती म्हणाली. “तू यायचं नाहीस.”

“बरं.”

“बरं म्हणजे? वाईट वाटलं?”

“वाटलं.”

“मग वाटू दे,” ती म्हणाली, आणि समोर आलेल्या रिक्षात आधी आईला चढवून तिने रिक्षावाल्याला मुलुंड सांगितलं.